दूरच्या प्रवासासाठी मोटारसायकलच्या बॅगा: आधी किलो, मग लिटर

मोटारसायकलवर दूरचा प्रवास ठरला की बॅगांचा विषय निघतो आणि बोलणं लगेच लिटरवर जातं. बाजूला तीस-तीस लिटरच्या दोन, मागे पन्नास लिटरचा टॉप बॉक्स, पुढे टँक बॅग. बेरीज ऐकायला छान वाटते. गाडीला मात्र कळतात ते किलो, आणि ते किलो नेमके कुठे टांगलेत ते. शिवाय मोठी बॅग घेतली की ती भरतेच. मोकळा कोपरा दिसला की बुटांचा आणखी एक जोड आत जातो.

म्हणून इथला क्रम खरेदीच्या नेहमीच्या क्रमाच्या उलटा ठेवला आहे. आधी गाडी किती पेलते ते काढायचं, मग आपलं सामान तोलायचं, मग वजन कुठे बसवायचं ते ठरवायचं. बॅग कुठली, हा प्रश्न त्यानंतर. या क्रमाने गेलात तर निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात.

पायरी १: गाडी किती पेलते ते काढा

गाडीच्या मॅन्युअलमध्ये दोन आकडे शोधा. एक, कर्ब वेट, म्हणजे तेल-पेट्रोलसह चालवायला तयार असलेल्या गाडीचं वजन. दोन, कमाल एकूण वजन, म्हणजे गाडी, माणसं आणि सामान मिळून कंपनीने घालून दिलेली मर्यादा. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की उरतो तो तुमचा खरा हिशोब. कुठे कर्ब वेटऐवजी ड्राय वेट दिलेलं असेल तर सावध राहा. त्यात पेट्रोल धरलेलं नसतं, आणि १५ लिटर पेट्रोलचंच वजन ११ किलोच्या आसपास होतं.

उदाहरण घेऊ. गाडी १९५ किलोची, मर्यादा ३७५ किलोची. हातात राहिले १८० किलो. चालवणारा ७८ किलोचा. हेल्मेट, जॅकेट, बूट, ग्लोव्हज, गुडघ्याचे गार्ड धरले की आणखी ९. डबलसीट असाल तर मागचा माणूस ६० आणि त्याचा सरंजाम ८. झाले १५५. उरले २५ किलो. आता या गाडीला ५ किलोचा साइड रॅक (बॅगा टांगायचा पाइपचा सांगाडा) आणि प्रत्येकी ५ किलोचे दोन ॲल्युमिनियमचे पॅनियर बॉक्स, म्हणजे बाजूच्या पेट्या, लावा. बॉक्स अजून रिकामे आहेत आणि १५ किलो संपलेत. दोन माणसांचे कपडे, रेनसूट, हत्यारं, पाणी या सगळ्यासाठी उरले जेमतेम १० किलो.

हे गणित बघितल्यावर बॅगेच्या रिकाम्या वजनाकडे बघण्याची नजर बदलते. दोन्ही बाजूंच्या सॉफ्ट बॅगा मिळून साधारण ३ ते ५ किलो भरतात. रॅकसकट ॲल्युमिनियमचा संच सहज १५ ते १८ पर्यंत जातो. हा फरक म्हणजे एका माणसाचं आठवड्याचं सामान.

एकट्याने जाणार असाल तर एकूण मर्यादेची चिंता कमी, पण दुसऱ्या मर्यादा आडव्या येतात. मागच्या कॅरिअरवर किती किलो ठेवायचं हे बहुतेक गाड्यांवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि तो आकडा अनेकदा ५ ते १० किलोच असतो. साइड बॉक्सवरही प्रत्येकी साधारण १० किलोची मर्यादा सर्रास दिसते. रॅकची मर्यादा आणि बॉक्सची मर्यादा यांतली जी कमी असेल ती खरी. काही कंपन्या सामान लावलेलं असताना किती वेगाच्या वर जाऊ नये हेही लिहितात. ती ओळ वाचून ठेवा.

टायरही बघून घ्या. मागच्या टायरच्या बाजूला मापानंतर एक दोन आकडी संख्या असते, तो लोड इंडेक्स. ६० म्हणजे २५० किलो, ६६ म्हणजे ३०० किलो, ७३ म्हणजे ३६५ किलो. टायर एवढा भार पेलतो तो हवा पूर्ण असेल तरच.

पायरी २: सामान जमिनीवर मांडा आणि तोला

बॅग घ्यायच्या आधी जे न्यायचं ते सगळं एका चादरीवर मांडा. तीन ढीग करा. पहिल्यात जड आणि लहान वस्तू: हत्यारं, सुटी ट्यूब, पंप, कुलूप, चार्जर, पाणी. दुसऱ्यात हलक्या पण जागा खाणाऱ्या: कपडे, स्लीपिंग बॅग, जॅकेटचं अस्तर. तिसऱ्यात वाटेत वारंवार लागणाऱ्या: रेनसूट, कागदपत्रं, औषधं, पंक्चरचं सामान, खाऊ. पुढच्या सगळ्या निर्णयांत हेच तीन ढीग कामाला येतात. पहिला ठरवतो वजन कुठे बसेल, दुसरा ठरवतो बॅग किती मोठी, तिसरा ठरवतो बॅग उघडायची कशी.

सामान तोलायचा हुकवाला छोटा काटा मिळतो तो वापरा. अंदाजाने तोललेलं वजन जवळजवळ नेहमी कमी निघतं, कारण हत्यारांची पिशवी हातात छोटी दिसते.

लिटरसाठी सोपी युक्ती आहे. सामान एका पुठ्ठ्याच्या खोक्यात नेहमीसारखं दाबून भरा, भरलेल्या भागाची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिघांचा गुणाकार करा आणि हजाराने भागा. आलं उत्तर ते लिटर. त्यावर पाचवा हिस्सा वाढवा, कारण परतीच्या वाटेवर कपडे घडीत राहत नाहीत. मुक्कामाची सोय आधीच ठरलेली असेल तर एकट्या माणसाला ३५ ते ५० लिटर पुरतात. तंबू, स्टोव्ह, अंथरूण-पांघरूण घेऊन जाणार असाल तर ७० ते ९० धरा. याच्या वर आकडा गेला तर बॅग वाढवण्याआधी ढिगाकडे परत जा.

पायरी ३: वजन कुठे बसवायचं

सगळ्यात जास्त वेळ खरं तर या पायरीला द्यायला हवा. बॅग चुकली तर गैरसोय होते. वजनाची जागा चुकली तर गाडी वेगळीच वागायला लागते.

समजा तुमच्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर १,४०० मिलिमीटर आहे. टॉप बॉक्समध्ये १२ किलो सामान आहे आणि त्याचा मध्य मागच्या चाकाच्या एक्सलच्या ३०० मिलिमीटर मागे येतो. आता एक्सल हा टेकू झाला आणि गाडी झाली तरफ. १२ गुणिले ३०० भागिले १,४००, म्हणजे साधारण अडीच किलो भार पुढच्या चाकावरून उचलला जातो. मागच्या चाकावर १२ ऐवजी साडेचौदा किलो येतात. तेच १२ किलो मागच्या सीटवर, एक्सलच्या २५० मिलिमीटर पुढे बांधले तर पुढच्या चाकावर दोन किलो वाढतात आणि मागच्यावर दहाच येतात. वजन तेवढंच, अंतर हातभर, पण पुढच्या चाकाच्या पकडीचा हिशोब अगदी उलटा.

अडीच किलो कमी वाटतील. पण पुढचं चाक हलकं होण्याबरोबर आणखी दोन गोष्टी घडतात. मागची बाजू दबते, पुढचा फोर्क थोडा आडवा होतो आणि गाडी वळायला आळशी होते. आणि वजन गुरुत्वमध्यापासून जितकं लांब, तितका गाडीला उजवी-डावीकडे फिरवताना होणारा विरोध वाढतो. तो अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे अंतर दुप्पट झालं की विरोध चौपट. मोठ्या रस्त्यावर वेग वाढल्यावर, ट्रकच्या मागच्या वाऱ्यात शिरल्यावर गाडीचं बूड हळूहळू डोलायला लागतं, ते बहुतेक वेळा उंचावर आणि मागे लादलेल्या वजनामुळे. असं डोलणं सुरू झालं तर हँडल घट्ट आवळू नका, जोरात ब्रेक मारू नका. पकड सैल ठेवा, अंग पुढे टाकीकडे झुकवा आणि ॲक्सिलरेटर हळूहळू कमी करत वेग उतरू द्या. मग थांबा आणि सामान नव्याने बांधा.

यातून नियम निघतो तो असा. जड ढीग खाली आणि पुढे: साइड बॅगेच्या तळाशी, आतल्या बाजूला, मागच्या टोकाकडे नाही तर पुढे सीटकडे. हलका-फुगीर ढीग मागच्या सीटवर आडव्या टेल बॅगेत. वारंवार लागणारं टँक बॅगेत. टॉप बॉक्समध्ये हलकंच: रेनसूट, अस्तर, थांबल्यावर हेल्मेट. डाव्या-उजव्या बॅगेच्या वजनात दोन किलोपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. सायलेन्सरच्या बाजूची बॅग लहान असते, म्हणून हत्यारांसारखं लहान-जड सामान तिच्यात टाकलं की काटा बरोबर जुळतो.

पाठीवर सॅक घेऊन दूर जाऊ नका. वजन खांद्यांवर येतं, दोन-तीन तासांत मान भरून येते, आणि पडलात तर सॅकमधली टणक वस्तू थेट पाठीच्या कण्याखाली येते. पिण्याच्या पाण्याची चपटी पिशवी तेवढी चालेल.

पायरी ४: सॉफ्ट की हार्ड

आता बॅगा. यावर लोक तावातावाने बोलतात, पण उत्तर रस्त्यावर अवलंबून आहे.

खडी, माती, ओढे, जिथे गाडी आडवी होण्याची शक्यता खरी आहे, तिथे सॉफ्ट बॅगा. याचं कारण पाय. कच्च्या रस्त्यावर तोल सावरताना पाय खाली टेकतो, गाडी पुढे सरकत असते आणि मागून येणाऱ्या टणक पेटीची कड पोटरीवर किंवा घोट्यावर बसते. गाडी पडली तर पाय पेटीखाली अडकतो. या प्रकारात हाडं मोडतात. सॉफ्ट बॅग दबते, वाकते, पाय निसटायला जागा देते. शिवाय पडल्यावर पेटीचा धक्का रॅकमार्फत सबफ्रेमवर, म्हणजे सीटखालच्या मागच्या सांगाड्यावर, जातो आणि सबफ्रेम वाकली किंवा तडकली तर प्रवास तिथेच थांबतो.

पूर्ण डांबरी रस्ता, रोज नवा मुक्काम, शहरात गाडी उभी करून फिरणं, असा बेत असेल तर हार्ड बॉक्सचे फायदे खरे आहेत. कुलूप लागतं, पाऊस आत येत नाही, चावी फिरवली की पेटी सुटते. त्यातही दोन जाती. प्लास्टिकचे बॉक्स हलके, गोलाकार, वाऱ्याला कमी अडवणारे; जोरात आपटले तर मात्र तडकतात. ॲल्युमिनियमचे दीड-दोन मिलिमीटर पत्र्याचे, चौकोनी. वाकले तर ठोकून सरळ करता येतात. पण आतला पत्रा उघडा असेल तर कपडे त्यावर घासून करडी भुकटी सुटते आणि पांढऱ्या शर्टावर ती पक्की बसते. ॲल्युमिनियमचा बॉक्स घेतलात तर आतल्या पिशव्या घ्याच.

हार्ड बॉक्स कसा उघडतो ते दुकानातच बघा. वरून झाकण उघडणारा असेल तर गाडी साइड स्टँडवर कलंडलेली असतानाही सामान आत राहतं. पुस्तकासारखा बाजूने उघडणारा असेल तर डावीकडचा बॉक्स उघडताच सगळं पायावर येतं, आत जाळी किंवा पट्टे नसतील तर. उलट, वरून उघडणाऱ्या बॉक्सवर आडवी टेल बॅग थोडी जरी बाहेर आली तर झाकणच उघडत नाही. दोन्ही बॅगा एकत्र लावून झाकण उघडून बघा.

रुंदी हा हार्ड बॉक्सचा खरा तोटा. सायलेन्सरमुळे एक बाजू बाहेर सरकते आणि एकूण रुंदी मीटरभर होते. जिथून हँडल गेलं तिथून मागचं धडही जाईल हा रोजचा अंदाज मग खोटा ठरतो. बॉक्सची रुंदी हँडलच्या रुंदीपेक्षा कमी असेल असाच संच निवडा. त्यासाठी चार-पाच लिटर गेले तरी चालतील.

माझं मत विचाराल तर, मिश्र रस्त्यांवर फिरणाऱ्या बहुतेकांसाठी मजबूत रॅकवर बसवलेल्या १८ ते २५ लिटरच्या दोन सॉफ्ट बॅगा, सीटवर ३० लिटरची गुंडाळी बॅग (तोंड गुंडाळून बंद होणारी) आणि छोटी टँक बॅग एवढा संच सर्वांत शहाणा. वजन कमी, पुढे आणि खाली राहतं, आणि लहान प्रवासाला एखादा भाग काढून ठेवता येतो.

टॉप बॉक्सबद्दल थोडं. शहरात तो अत्यंत सोयीचा, मागे बसणाऱ्याला टेकायला आधार मिळतो, हेल्मेट कुलपात राहतं. एका फुल फेस हेल्मेटला ३० ते ३५ लिटर पुरतात. दोन हवीत तर ४५ च्या पुढे जावं लागतं. प्रवासाचं मुख्य सामान त्यात भरायचं नाही, हे पाळलं तर तो चांगला सोबती आहे. बॉक्स आणि खालची प्लेट एकाच पद्धतीची हवी. गिवी या इटालियन कंपनीच्याच मोनोकी आणि मोनोलॉक अशा दोन पद्धती आहेत. पहिली जास्त वजनाची, दुसरी हलक्या गाड्या आणि स्कूटरची, आणि एकीचा बॉक्स दुसरीच्या प्लेटवर बसत नाही.

टँक बॅग घेताना आधी टाकीला चुंबक लावून बघा. टाकी ॲल्युमिनियमची असेल किंवा वर प्लास्टिकचं आवरण असेल तर चुंबकाची बॅग चिकटणार नाही. मग पट्ट्यांची किंवा टाकीच्या झाकणाभोवतीच्या रिंगवर बसणारी घ्या. रिंगवाली बॅग रंगाला घासत नाही आणि पेट्रोल भरताना एका खटक्यात निघते. बॅग बसवल्यावर हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा. हॉर्न आपोआप वाजत नाही ना, मीटर झाकला जात नाही ना, फूटरेस्टवर उभं राहिल्यावर पोटाला लागत नाही ना, ते बघा. चुंबकी बॅगेत चुंबकीय पट्टी असलेली कार्डं ठेवू नका. ५ ते १२ लिटर पुष्कळ झाले.

पायरी ५: रॅक आणि बॅग-चाकामधलं अंतर

सीटवरून टाकायच्या, पट्ट्यांनी जोडलेल्या सॉफ्ट बॅगा स्वस्त पडतात आणि रॅकशिवाय चालतात असं सांगितलं जातं. इथे फार काळजी घ्या. भरलेली बॅग खड्ड्यात आत झुलते. आत काय असतं? फिरणारं चाक, चेन, आणि दुसऱ्या बाजूला तापलेला सायलेन्सर. स्पोकमध्ये बॅगेचा कोपरा किंवा पट्टा गेला तर मागचं चाक जागेवर अडकतं. म्हणून बॅगेला आतून अडवणारा निदान एक वाकवलेला पाइप, म्हणजे सॅडल स्टे, हवाच.

अंतर तपासायची रीत अशी. मॅन्युअलमध्ये मागच्या चाकाचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक एकूण किती वर-खाली होतं ते बघा, समजा १५० मिलिमीटर. चाक पूर्ण वर गेलं तर टायरचा वरचा भाग १५० मिलिमीटर वर येईल. त्या जागेत बॅगेचा, पट्ट्याचा, बक्कलचा कुठलाही भाग येत असेल तर बॅग बाहेर किंवा वर न्यायला हवी. गाडीवर दोन जण बसवून, दाबून, तिसऱ्याने खाली वाकून बघितलं तर लगेच कळतं.

सायलेन्सरच्या बाबतीत, बॅग आणि नळी यांच्यात चार बोटं मोकळी हवीत आणि मधे पत्र्याची हीट शील्ड हवी. नळीच्या तोंडातून निघणारा गरम वायू बॅगेच्या तळावर तर येत नाही ना, हेही बघा. वर वळलेल्या सायलेन्सरच्या गाड्यांत हे हमखास घडतं. अर्ध्या तासाच्या फेरीनंतर हात लावून बघा. बॅगेचा तळ हाताला चटका देण्याइतका तापला असेल तर तो पावसाळ्याआधीच वितळून उघडा पडेल.

रॅक कुठे जोडला जातो ते महत्त्वाचं. चांगला रॅक तीन जागी पकडतो: वर मागच्या हँडलच्या किंवा सीटखालच्या बोल्टवर, खाली मागच्या फूटरेस्टजवळ, आणि मागे नंबरप्लेटमागून दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी पट्टी. ही आडवी पट्टी नसेल तर वजनाने दोन्ही बाजू आत वाकायला लागतात. पाइप १६ ते १८ मिलिमीटरचा असतो. बॉक्सच्या कड्या कुठल्या जाडीच्या पाइपसाठी आहेत ते विचारा. इंडिकेटरच्या किंवा मडगार्डच्या बोल्टवर मुख्य भार टाकणारा रॅक घेऊ नका.

पायरी ६: पाणी आत येऊ नये म्हणून

पावसात चालत्या गाडीवर पाणी वरून पडत नाही, पुढून मारा करतं आणि मागच्या चाकावरून उडून खालूनही येतं. "वॉटर रेझिस्टंट" लिहिलेली बॅग त्यापुढे टिकत नाही. शिलाई हाच कच्चा दुवा, कारण प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. म्हणून दोनच गोष्टी भरवशाच्या: पीव्हीसी किंवा टीपीयू या प्लास्टिकचा लेप असलेल्या कापडाच्या, शिलाईऐवजी वेल्डने जोडलेल्या बॅगा, किंवा जाड नायलॉनची बाहेरची बॅग आणि आत वेगळी वॉटरप्रूफ पिशवी. दुसरी पद्धत मला जास्त आवडते. बाहेरची बॅग फाटली तरी आतलं कोरडं राहतं, मुक्कामी चिखलाची बॅग गाडीवरच ठेवून स्वच्छ पिशवी उचलून नेता येते, आणि पिशवी खराब झाली तर तेवढीच बदलते.

कापडावर १०००डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनिअर, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा जितका मोठा, धागा तितका जाड. घासल्यावर टिकण्यासाठी १००० उत्तम. पाण्याशी मात्र त्याचा संबंध नाही, ते काम आतल्या लेपाचं.

गुंडाळून बंद होणाऱ्या बॅगेचं तोंड निदान तीन वेळा घट्ट गुंडाळा. गुडघ्याने दाबून आतली हवा काढा आणि मगच बक्कल लावा. बॅग गच्च भरून दोनच वेढे बसत असतील तर ती तुमच्यासाठी लहान आहे. रेन कव्हर मिळत असेल तर ते दोरीने बॅगेला बांधलेलं असू द्या. वाऱ्याने फुगून सुटलेलं कव्हर मागच्या चाकात जाऊ शकतं.

पायरी ७: बांधणं

टोकांना लोखंडी हुक असलेली ताणाची दोरी वापरू नका. ताणलेला हुक निसटला तर सरळ डोळ्यावर येतो, अशा दुखापतींच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. शिवाय ती खड्ड्यागणिक ताणते आणि सामान मागे सरकत जातं. दात असलेल्या बक्कलचे, न ताणले जाणारे सपाट पट्टे घ्या, २५ मिलिमीटर रुंदीचे. टेल बॅगेला चार जागी बांधा: दोन पट्टे पुढे खेचणारे, दोन मागे. दोनच आडवे पट्टे असतील तर पहिल्या जोरदार ब्रेकला बॅग तुमच्या पाठीवर येते.

उरलेल्या पट्ट्याची टोकं गुंडाळून वेलक्रोत किंवा पट्ट्याखाली खोचा. लोंबणारं टोक चेनकडे जायला वेळ लागत नाही. रंगावरून किंवा चकचकीत प्लास्टिकवरून पट्टा जात असेल तिथे आधी पारदर्शक फिल्म चिकटवा. धूळ आणि पट्टा मिळून एका दिवसात रंग खरवडतात.

सगळं बांधल्यावर दहा पावलं मागे जाऊन बघा: टेल लाइट, ब्रेक लाइट, दोन्ही इंडिकेटर, नंबरप्लेट स्पष्ट दिसायला हवेत. थोडं बाजूला होऊनही बघा, कारण रुंद बॅगांमुळे इंडिकेटर सरळ मागून दिसतात पण तिरके दिसत नाहीत. मग गाडीवर बसून पाय टेकत मागे सरकवा. टाचा बॅगेला लागत असतील तर बॅग मागे घ्या. डबलसीट असाल तर मागच्या माणसाला फूटरेस्टवर पूर्ण पाऊल टेकवून दहा मिनिटं बसवा. त्याच्या पोटऱ्या बॅगेवर घासत असतील तर पन्नास किलोमीटरनंतर तो प्रवास त्याच्यासाठी शिक्षा आहे.

भरताना एक बारीक गोष्ट. गाडीचं थरथरणं सतत चालू असतं. पाकिटातल्या औषधाच्या गोळ्या एकमेकींवर घासून पावडर होतात, बाटलीचं झाकण फिरून उघडतं, पान्यांनी चार्जरच्या वायरची सालं निघतात. गोळ्यांची पाकिटं कपड्यात गुंडाळा, द्रव वस्तू वेगळ्या पिशवीत, हत्यारं जुन्या कापडात घट्ट वळकटी करून.

पायरी ८: गाडी भारासाठी जुळवा

सामान लादून गाडी तशीच हाकली तर चांगल्यातल्या चांगल्या बॅगाही वाईट वाटतील. मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवा. माणूस आणि सामान बसल्यावर मागची बाजू एकूण ट्रॅव्हलच्या साधारण तिसरा हिस्सा दबावी, म्हणजे १५० मिलिमीटरच्या ट्रॅव्हलला ४५ ते ५०. जास्त दबत असेल तर आणखी पीळ द्या. टायरची हवा मॅन्युअलमधल्या "डबलसीट किंवा पूर्ण भार" या रकान्याप्रमाणे, आणि ती थंड टायरमध्ये मोजून.

चेनचा ढिलेपणा सामान आणि माणूस बसलेले असताना तपासा. मागची बाजू दबते तसं पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, खिळा आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात आणि चेन सर्वांत जास्त ताणली जाते. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटलेली चेन भारात घट्ट होऊन बेअरिंग खाते. भिंतीसमोर उभी करून हेडलाइटही खाली आणा, नाहीतर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाईल.

साइड स्टँडकडे खास लक्ष द्या. मागची बाजू दबल्याने स्टँड तुलनेने लांब ठरतो, गाडी जास्त सरळ उभी राहते आणि उजवीकडे कलंडायला लहानसा धक्का पुरतो. प्रीलोड वाढवला की हे बरंच सुधारतं. सामान भरताना डावी बॅग आधी लावा, काढताना उजवी आधी काढा, म्हणजे भार कायम स्टँडच्या बाजूला राहतो.

पायरी ९: पाण्याच्या बाटल्या भरून चाचणी

निघायच्या निदान आठवडाभर आधी खऱ्या वजनाची फेरी मारा. सामान तयार नसेल तर पाण्याच्या बाटल्या भरा. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा. मोकळ्या मैदानात आधी सावकाश आठचा आकडा काढा. मग ३० च्या वेगावरून थांबा, मग ५० वरून. ब्रेकला अंतर वाढलेलं जाणवेल, पुढचा फोर्क वेगळा दबेल. मग मोकळ्या रस्त्यावर वेग दहा-दहाने वाढवा आणि प्रत्येक टप्प्यावर मिनिटभर स्थिर राहा. डोलणं कुठे सुरू होतं ते कळलं की सामानाची जागा बदलून पुन्हा बघा. सामान कमी न करता फक्त टॉप बॉक्समधलं जड ते साइड बॅगेच्या तळाशी नेऊन डोलणं थांबलेलं मी अनेकांच्या गाड्यांवर पाहिलं आहे.

पंचवीस-तीस किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक पट्टा हाताने ओढून बघा. नवे पट्टे पहिल्या फेरीत हमखास सैल होतात. शंभर किलोमीटरनंतर रॅकचे सगळे बोल्ट पाना लावून तपासा आणि निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून पुन्हा आवळा. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर आणि बाजूच्या पाइपवर रंगाच्या पेनाने एक सरळ रेघ ओढून ठेवा. पुढे प्रवासात रोज सकाळी नुसती नजर टाकायची. रेघ तुटलेली दिसली तो बोल्ट फिरलेला. सुट्या सामानात रॅकच्या मापाचे दोन बोल्ट, दोन नट आणि एक जास्तीचा पट्टा असू द्या. सबफ्रेमवर जिथे रॅक पकडला आहे तिथल्या वेल्डजवळ रंगाला केसाएवढी जरी भेग दिसली, तरी त्या दिवशीचा पुढचा पल्ला रद्द करून आधी सामान उतरवा.